जोतीरावांचा हौद, आमचा कप

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी कामवाल्या मावशींचा कप वेगळा असे. महात्मा फुल्यांचे चरित्र वाचले आणि तो कप मला टोचू लागला.

अमेरिकन स्वातंत्र्यलढ्याला बळ देणाऱ्या थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक जोतीरावांनी विशीत वाचले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

सारी माणसे समान, असे अमेरिकेने १७७६ मध्ये जाहीर केले. गुलामी मात्र १८६५ पर्यंत टिकली. ती मोडणाऱ्या अमेरिकनांनाच जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. जाहीरनाम्यापेक्षा कृतीला त्यांनी मान दिला, असे मला वाटते.

आता आमचे सगळे कप सारखे आहेत. मावशी मात्र अजून जमिनीवरच बसतात.