अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे शिल्पकार : नानाभाई मूस

जुनी यंत्रणा बंद करण्यापूर्वी ती नव्या यंत्रणेबरोबर काही काळ चालवावी आणि दोन्हींचे निष्कर्ष ताडून पाहावेत, हा सॉफ्टवेअर चाचणीच्या अभ्यासक्रमातला परिचित धडा. रायगडच्या किनाऱ्यावर हीच शिस्त शंभर वर्षांपूर्वी पाळली गेली. ती पाळणारे शास्त्रज्ञ म्हणजे नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस.

२९ ऑक्टोबर १८५९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात जन्मलेल्या नानाभाईंनी एडिंबरा येथे उच्च शिक्षण घेतले. परतल्यावर काही काळ एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. मात्र मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले आणि या साऱ्या संचितावर संकट आले. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो, त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते व संवेदनशील उपकरणे चुकीची नोंद करू लागतात. अशा नोंदीतला खरा भाग कोणता व भेसळ कोणती, हे मागाहून वेगळे करणे फार कठीण.

नानाभाईंनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तेथे लोखंडाचा अंशही टाळून इमारती उभारल्या. त्यासाठी आणलेला पोरबंदरी दगडदेखील चुंबकीय गुण नाहीत ना, हे तपासूनच वापरण्यात आला. (मुंबईच्या कुलाब्यातून आलेली वेधशाळा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातच स्थिरावली, हा एक योगायोगच. जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १९८१ चे.)

खरी कसोटी पुढे होती. जागा बदलली की आकडे बदलणारच. जुन्या मालिकेला नवी जोडली नाही, तर दीर्घकालीन बदलांचा अभ्यास तिथेच खुंटला असता. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. त्यांच्या तुलनेतून दोन ठिकाणांमधला फरक निश्चित झाला आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मोजमापे थांबली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा काम सुखरूप पलीकडे पोहोचले होते.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी विवेचनासह दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. तारायंत्र आणि हिशेबनिसांच्या त्या काळात एवढे आकडे हाताने तपासणे किती चिकाटीचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी. भूकंपशास्त्रातही त्यांना रस होता. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले व १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

अलिबागची वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून संस्थेचे मुख्यालय जिल्ह्यातच, नवीन पनवेल येथे आहे. सौरवादळांपासून उपग्रह आणि वीजवाहिन्यांना असलेल्या धोक्याचा अंदाज बांधताना संशोधक सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड वादळाची कुलाब्यातील नोंद आजही अभ्यासतात. नानाभाईंचा जन्म त्यानंतरच्याच महिन्यातला.