जनरल स्टिलवेल आणि डोंगरातला रस्ता

जनरल जोसेफ स्टिलवेल यांचा जन्म १९ मार्च १८८३ रोजी अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात पलाटका या गावी झाला. १९०४ साली ते लष्करी शाळेतून पास झाले व फौजेत गेले. पुढे त्यांना चीनला पाठवले. तिथे ते चिनी भाषा शिकले. त्यांचे बोलणे फार आंबट, म्हणून त्यांना व्हिनेगर ज्यो असे टोपणनाव पडले.

१९४२ साली दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश जिंकला. स्टिलवेल यांच्या सैन्याची हार झाली. त्यांना न्यायला विमान आले होते, पण ते बसले नाहीत. शंभरावर माणसे घेऊन ते जंगलातून पायी निघाले. त्यांत नर्सबाई पण होत्या. तेव्हा त्यांचे वय ५९ होते. सगळी माणसे जिवंत आपल्या देशात इंफाळला पोहोचली.

चीनला बंदुका, औषधे न्यायचा रस्ता आता बंद पडला होता. म्हणून स्टिलवेल यांनी नवा रस्ता करायचे ठरवले. डिसेंबर १९४२ मध्ये आसामातील लेडो गावापासून काम सुरू झाले. पुढे पाटकाईचे उंच डोंगर आणि दाट जंगल. पावसाळ्यात दरड कोसळायची आणि केलेला रस्ता वाहून जायचा. मग पुन्हा करायचा. बुलडोझरसुद्धा दरीत पडायचे. चिखल, जळवा आणि डास तर विचारूच नका! मलेरियाने माणसे आजारी पडत. हजारो अमेरिकन सैनिक तिथे राबले. त्यांत निम्म्याहून जास्त काळ्या वर्णाचे होते. भारत, ब्रह्मदेश व चीनचे मजूरही होते. ११०० च्या वर अमेरिकन माणसे मेली. मजूरही पुष्कळ मेले.

१२ जानेवारी १९४५ ला लेडोहून पहिल्या मोटारी निघाल्या. १७३६ किलोमीटर जाऊन त्या ४ फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचल्या. पण हे बघायला स्टिलवेल तिथे नव्हते. चीनचे प्रमुख चँग कै शेक यांच्याशी त्यांचे पटले नाही, म्हणून त्यांना १९४४ सालीच परत बोलावले होते. तरी चँग यांनीच रस्त्याला स्टिलवेल रोड हे नाव दिले.

१२ ऑक्टोबर १९४६ रोजी स्टिलवेल वारले. रस्त्याला नाव एकाचे आहे, पण घाम हजारोंचा आहे. म्हणून त्यांच्याबरोबर त्या सैनिकांना आणि मजुरांना पण माझा नमस्कार.

इयत्ता चौथी