मैदान दिले, खुर्ची नाकारली!

आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुकांचा गुलाल अजून अंगावर असतो आणि दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, तिकडे अमेरिकेत बेसबॉलच्या मैदानांवर एक वेगळे दृश्य दिसते. प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू, गोरा असो, काळा असो की जपानी, पाठीवर एकच क्रमांक घालून उतरतो. तो क्रमांक ४२. हा जॅकी रॉबिन्सनचा क्रमांक. १९९७ साली सगळ्या मोठ्या संघांनी तो कायमचा राखून ठेवला. एरवी तो कोणालाही मिळत नाही.

या सोहळ्यात जॅकीची जी गोष्ट सांगितली जाते ती मात्र अर्धीच असते. शिव्या खाल्ल्या, गप्प राहिला, खेळत राहिला आणि गोऱ्यांची मने जिंकली, एवढीच ती गोष्ट. प्रस्थापितांना ती फार आवडते. सोसणारा माणूस त्यांना थोर वाटतो, मागणारा खुपतो. जॅकी मागणारा होता. म्हणून उरलेली अर्धी गोष्टही सांगितली पाहिजे.

जॅकीचा जन्म ३१ जानेवारी १९१९ चा, जॉर्जिया राज्यातला. गुलामगिरी कायद्याने संपून ५३ वर्षे झाली होती, पण त्याचे कुटुंब गोऱ्या जमीनदाराची जमीन वाट्याने कसत होते. बाप घर सोडून गेला. आई मॅली खमकी होती. १९२० साली पाच लेकरे घेऊन तिने रेल्वेने थेट कॅलिफोर्नियातले पासाडेना गाठले आणि गोऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून मुले वाढवली. पासाडेनात फलक नव्हते, पण भेद होताच. सार्वजनिक पोहण्याचा तलाव काळ्या मुलांना आठवड्यातून एकच दिवस खुला असे.

जॅकीचा थोरला भाऊ मॅक याने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवले. त्याच्या पुढे फक्त जेसी ओवेन्स होता. पदक घेऊन मॅक घरी आला तेव्हा पासाडेनाने त्याच्या हाती काय दिले? रस्ता झाडायचा झाडू! वाचकहो, ही गोष्ट सातासमुद्रापलीकडची वाटते का?

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात जॅकीने चार खेळ गाजवले. त्यात बेसबॉल हा त्याचा सर्वांत कच्चा खेळ होता. नाव झाले ते अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे अंडाकृती चेंडू कवेत घेऊन धावण्याच्या खेळात. १९३९ च्या त्या संघात केनी वॉशिंग्टन हा दुसरा काळा तारा होता. पण पुढे वाट नव्हती. १९३४ ते १९४५ या काळात व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये एकही काळा खेळाडू घेतला गेला नाही. १९४६ साली एक संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला जनतेच्या पैशाने बांधलेले मैदान हवे होते. काळ्या पत्रकारांनी तिथेच बोट ठेवले आणि केनीला घ्यायला लावले. तोवर त्याचे गुडघे निकामी होत आले होते. संधी उशिरा देणे हीसुद्धा संधी नाकारण्याचीच एक तऱ्हा असते.

जॅकी सैन्यात अधिकारी झाला. जुलै १९४४ मध्ये टेक्सासच्या छावणीत बसचालकाने त्याला मागे जाऊन बसायला सांगितले. त्याने साफ नकार दिला. रोझा पार्क्स यांच्या नकाराआधी अकरा वर्षे! त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला. ज्याला पुढे सहनशीलतेचा पुतळा केले गेले, तो मुळात असा होता.

बेसबॉलच्या मोठ्या संघांनी १८८० च्या दशकापासूनच काळ्यांना दार बंद केले होते. म्हणून काळ्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या. तिथे खेळाडू काळे होतेच, पण मॅनेजरही काळे होते आणि अनेक मालकही काळेच होते. १९४५ साली जॅकी अशाच लीगमधल्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला. त्याच वर्षी ब्रुकलिन डॉजर्स संघाचा कारभारी ब्रँच रिकी याने त्याला निवडले. अट एकच : काही काळ कितीही अपमान झाला तरी उलट उत्तर द्यायचे नाही. रिकी श्रद्धाळू होता आणि पक्का व्यापारीही. काळे प्रेक्षक तिकीट काढतील हे त्याला पुरते कळत होते. मोनार्क्सला त्याने भरपाईचा एक डॉलरही दिला नाही.

१५ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, जॅकी ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला जातीवाचक म्हणाव्यात तशा शिव्या दिल्या, त्याही खुद्द मॅनेजरच्या पुढाकाराने. जॅकीने उत्तर दिले ते पायांनी. त्या हंगामात त्याने २९ बेस चोरले, म्हणजे पिचरचा डोळा चुकवून पुढचा टप्पा गाठला. सर्वोत्तम नवोदिताचा मान त्याला मिळाला. १९४९ साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९५५ साली ब्रुकलिनने पहिल्यांदाच अजिंक्यपद मिळवले, त्या संघातही तो होता. मौनाची मुदत संपताच तो पंचांशी भांडू लागला, मनातले बोलू लागला आणि काल कौतुक करणाऱ्यांना तो आज उद्धट वाटू लागला.

त्याच्याही चुका झाल्या. १९४९ साली तो पॉल रॉबसन यांच्याविरुद्ध संसदीय समितीपुढे बोलला. १९६० साली त्याने निक्सन यांचा प्रचार केला. दोन्हींबद्दलची खंत त्याने पुढे स्वतःच मांडली. पण तो बसून राहिला नाही. नागरी हक्कांच्या लढ्यासाठी त्याने निधी गोळा केला. १९६४ साली हार्लेममध्ये काळ्यांची बँक उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता.

एक प्रश्न मात्र त्याने कधी सोडला नाही. काळे धावतात, फटके मारतात, तिकिटे खपवतात. मग मॅनेजर गोराच का? बेसबॉलमध्ये कोण खेळणार आणि कोण बसणार, हे मॅनेजर ठरवतो. मोठ्या संघांनी काळ्या लीगमधून खेळाडू उचलले, तिथले मॅनेजर आणि मालक मात्र वाऱ्यावर सोडले. त्या लीग बुडाल्या. समतेच्या नावाखाली काळ्यांच्या हातातली सत्ता गेली आणि हाती राहिली ती फक्त बॅट!

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटीत त्याचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती, केस पांढरे झाले होते. आभार मानून त्याने तिथेच, सगळ्या देशासमोर, काळा मॅनेजर पाहायची इच्छा बोलून दाखवली. नऊ दिवसांनी तो गेला. वय अवघे ५३. पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ साली आला. जॅकीच्या नशिबी ते पाहणे नव्हते.

आपल्या मातीतले पळवणकर बाळू इथे आठवतात. पुण्यात चेंडू टाकायला ते चालत, चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाला त्यांनी सामने जिंकून दिले, कप्तानी त्यांना मिळाली नाही. ती १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाली, तीही झगडून. रंग वेगळा, देश वेगळा, रीत तीच!

आणि पुढे? २०१६ साली कॉलिन केपर्निक या फुटबॉलपटूने राष्ट्रगीतावेळी गुडघा टेकला. त्या हंगामानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही. राष्ट्रगीताला उभे राहणे आपल्याला जमत नाही, हे जॅकीने १९७२ च्या आत्मचरित्रात आधीच लिहून ठेवले होते. फुटबॉलमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू काळे. तरी २०२२ साली ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाला भेदभावाविरुद्ध कोर्टात जावे लागले. बेसबॉलमध्ये उलटेच घडले. २०२२ च्या अंतिम मालिकेत विजयी संघाचा मॅनेजर डस्टी बेकर काळा होता, पण दोन्ही संघांत अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता. पोरांना बेसबॉल शिकवणे इतके महाग झाले की गरिबाची वस्ती मैदानाबाहेरच राहिली.

म्हणून ४२ क्रमांकाचा सदरा वर्षातून एकदा घालणे सोपे आहे. जॅकीला सदरा नको होता, वाटा हवा होता. आपल्या पोराची संघात निवड झाली की आपण पेढे वाटतो. जरूर वाटावेत. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट विचारावी : निवड समितीत आपला कोण आहे?