जीव वाचवायला दुसऱ्या बाजीरावांनी वसईत इंग्रजांची फौज मागितली आणि पेशवाईच गहाण पडली

वसईच्या किल्ल्यात गेलात की चिमाजी अप्पांचा पुतळा दिसतो. १७३९ साली त्यांनी पोर्तुगीजांना हरवून वसई जिंकली, हे आपण शाळेत शिकलोय. पण ६३ वर्षांनी त्यांच्याच घराण्यातला एक पेशवा याच वसईत जीव मुठीत धरून आला होता, ही गोष्ट किल्ला बघताना सहसा कुणाला आठवत नाही.

ते होते दुसरे बाजीराव. शेवटचे पेशवे.

त्यांना पळपुटे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांच्या मनातली भीती कुठून आली हे बघायचं असेल, तर त्यांच्या जन्माच्या आधी जावं लागतं.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारणारे बाहेरचे नव्हते, पेशव्यांच्याच पदरी असलेले गारदी होते. थोडक्यात काय, तर ज्यांनी रक्षण करायचं, त्यांनीच तलवार चालवली. या कटात नारायणरावांचे सख्खे काका रघुनाथराव दोषी असल्याचा निवाडा रामशास्त्री प्रभुणेंनी दिला.

याच रघुनाथरावांच्या पोटी जानेवारी १७७५ मध्ये धारला बाजीरावांचा जन्म झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत रघुनाथरावांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी २,५०० सैनिक द्यायचे आणि बदल्यात साष्टी अन् वसई घ्यायची, असा तो सौदा. म्हणजे फौजेसाठी वसई पणाला लावण्याचा प्रकार या घरात आधीच होऊन गेला होता.

पुढे वडील वारले आणि बाजीरावांचं तरुणपण नजरकैदेत गेलं. शेवटी तर त्यांना शिवनेरीवर ठेवलं होतं. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला, वारस उरला नाही आणि १७९६ च्या अखेरीस बाजीराव पेशवे झाले.

गादी मिळाली, पण विश्वास कुणावर ठेवायचा? दरबारात नाना फडणवीस, पुण्यात दौलतराव शिंद्यांची फौज आणि समोर होळकर. त्यात एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. विठोजी म्हणजे यशवंतराव होळकरांचे भाऊ.

आता यशवंतराव गप्प बसणार नव्हते. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पुण्यातून निघाले ते सिंहगड, महाड करत सुवर्णदुर्गाला पोहोचले. तिथून समुद्रमार्गे डिसेंबरमध्ये वसईला. इकडे होळकरांनी अमृतरावांच्या मुलाला गादीवर बसवायची तयारी केली.

इंग्रज याच संधीची वाट बघत होते. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला.

तहातल्या मुख्य अटी अशा होत्या,

१. किमान ६ हजार पायदळ आणि तोफखाना कायम पेशव्यांच्या मुलखात राहणार. पेशव्यांच्या जिवाचं रक्षण करणं हे या फौजेचं एक काम.

२. खर्चासाठी वर्षाला २६ लाखांचा मुलूख इंग्रजांना.

३. इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

सगळी मेख इथंच होती. फौजेचा खर्च पेशव्यांच्या मुलखातून जाणार होता, पण हुकूम इंग्रजांचा चालणार होता. आपल्याच पैशातून उभ्या राहिलेल्या पहाऱ्यावर पेशव्यांचा ताबा नव्हता.

मे १८०३ मध्ये इंग्रजी बंदोबस्तात बाजीराव पुन्हा गादीवर बसले. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना हा तह मान्य नव्हता. त्यातून दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं आणि त्यात दोघेही हरले.

हळूहळू बाजीरावांनाही हा पहारा काचायला लागला. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली तेव्हा ते पर्वतीवरून बघत होते. समोर इंग्रजांकडून लढणाऱ्यांमध्ये त्यांच्या रक्षणासाठी ठेवलेल्या तैनाती फौजेच्या पलटणीही होत्या. पुणं गेलं. पुढे आष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडले. ३ जून १८१८ ला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले.

वर्षाला ८ लाखांची पेन्शन देऊन इंग्रजांनी त्यांना कानपूरजवळ बिठूरला पाठवलं. तिथंही देखरेखीला इंग्रजांचा कमिशनर होताच.

नारायणरावांसारखा शेवट त्यांच्या वाट्याला आला नाही. वयाच्या ७६ व्या वर्षी, १८५१ मध्ये बिठूरलाच त्यांचं निधन झालं. वसईत ज्यासाठी सही केली होती तो जीव वाचला, पण शेवटच्या ३३ वर्षांत पुणं काही त्यांना पुन्हा दिसलं नाही.