अंगणातील अंकगणित : ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे कार्य केले. १९४५ साली त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या सागरतीरावरील गावी आल्या. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, चिंचोके, खडे आणि पाने यांवरच मुलांची मोजणी सुरू झाली. लहानमोठे, कमीजास्त हे बालकांना खेळता खेळता उमगू लागले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. ज्यांच्या वाडवडिलांना वर्गाबाहेर बसविले जाई, त्यांच्यासाठी बाहेरच वर्ग भरला! १९५७ साली केंद्र कोसबाडला हलले. तेथे अनुताई वाघ यांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी थेट कुरणातच शाळा भरू लागली.