टाकळीचे शिंपले आणि नागपूरचे हिस्लॉप मास्तर

आपल्या बार्शीटाकळी तालुक्यात विहीर खोदणाऱ्याला जमिनीखालचे थर तोंडपाठ असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. कुठे कुठे दोन पाषाणांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो. हे थर एकावर एक कसे बसले, याचा एक मोठा धागा सापडला तो टाकळीला. पण ही टाकळी आपली नव्हे बरं का, नागपूरजवळची. आणि तो धागा जगापुढे मांडणाऱ्या दोघांपैकी एक होते परमुलुखातून आलेले शाळामास्तर, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात ज्यांची मुले शिकली त्यांना हे नाव ठाऊक आहे. माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स या गावचा. शिक्षण एडिंबरो आणि ग्लासगोला झाले. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईला उतरले आणि १८४५ च्या सुरुवातीला पत्नीसह नागपूरला पोचले. तेव्हा नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. रेल्वे यायला अजून वीस-बावीस वर्षे अवकाश होता. घोडा, बैलगाडी नाही तर पायी, एवढाच प्रवास. पावसाळ्यात काळ्या मातीची वाट कशी होते हे तुम्हाला सांगायला नको.

ते आले ख्रिस्ती धर्माच्या प्रचारासाठी, हे उघडच आहे. लोकांनाही ते ठाऊक होते. १८४६ साली त्यांनी नागपुरात शाळा काढली तेव्हा पोरे शिकायला आली, पण घरच्यांच्या मनात धाकधूक होतीच. धर्मांतराचा नुसता विषय निघाला की वर्ग ओस पडायचा. मास्तर पुन्हा पोरे जमवायचे आणि पुन्हा फळा पुसून सुरुवात करायचे. मराठी शिकल्याशिवाय इथे काही होणार नाही हे त्यांनी ओळखले आणि भाषा नीट शिकून घेतली. परक्या मुलुखात राहणाऱ्या मास्तरचे खरे दिवस असेच जातात. मोठ्या घटना थोड्या, आणि रोजची खटपट फार.

१८४७ साली रॉबर्ट हंटर हे सोबती आले. शाळा सुटली की दोघे संध्याकाळी फिरायला निघत. १८५१ साली असेच टाकळीच्या माळावर असताना दगडात त्यांना शिंपले दिसले. साधे, गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचे. आता विचार करा, काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. त्यात शिंपला कुठून येणार? तो पाषाणात नव्हताच, दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळाच्या थरात होता. याचा अर्थ एक लाव्हा वाहून थंड झाला, मग मध्ये बराच काळ गेला, त्यावर तळी साचली, झाडे वाढली, किडे-गोगलगायी जगल्या आणि मग पुढचा लाव्हा येऊन सगळे गाडले गेले. टाकळीला बिया, फळे, इतकेच काय भुंगेऱ्यांच्या पाठीवरची टणक पंखेसुद्धा दगड झालेली मिळाली. मास्तरांनी हे थर मानले होते त्यापेक्षा जुने निघाले. आजच्या हिशेबाने ते साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. पण थरांचा क्रम त्यांनी बरोबर लावला होता.

आपली कपाशीची काळी जमीन याच लाव्ह्याचा दगड झिजून झाली. बार्शीटाकळीच्या हेमाडपंती देवळाचा दगडही याच जातीचा. विहिरीला पाणी लागते तेही बहुधा भेगाळलेल्या मुरमात, मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यात. अखंड पाषाणात सुरुंग लावत बसले तरी पाणी मिळेलच असे नाही. खर्चाने कंबरडे मोडलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोघांचा नागपूरच्या भूगर्भावरचा लेख १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या दक्षिणेला मांगली गावी बेडकाच्या जातकुळीतल्या एका पुरातन प्राण्याची कवटी मिळाली होती, तिचे वर्णनही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. हंटर प्रकृतीमुळे परत गेले आणि कामाचा भार एकट्या हिस्लॉप यांच्यावर आला. एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव पडले. तळ्याच्या पाण्यात काडी-पाल्याला चिकटून राहणाऱ्या एका बारीक जिवालाही १८५८ साली त्यांचेच नाव मिळाले. मास्तर मात्र शाळाच चालवत राहिले. सुटी मिळाली की गोंडांच्या गावी जाऊन त्यांचे शब्द, चालीरीती आणि लिंगोचे लांबलचक गीत उतरवून घेत. गोंडीला तेव्हा कोण विचारत होते?

१८६१ साली मध्य प्रांत झाला. रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आले आणि हिस्लॉप यांचा सल्ला घेऊ लागले. १८६३ च्या पावसाळ्यात दोघे बोरीकडे, टाकळघाटची शिळावर्तुळे पाहायला गेले. म्हणजे मोठमोठे धोंडे गोल मांडून त्यात केलेली फार जुन्या लोकांची थडगी. ते पाहून झाल्यावर तिथली शाळा तपासायला मास्तर मागे थांबले. तारीख ४ सप्टेंबर. संध्याकाळी ते घोड्यावरून एकटेच मुक्कामाकडे निघाले. वाटेत एक नाला होता, पावसाने फुगलेला. मास्तर मुक्कामी पोचलेच नाहीत. शोध घेतला तेव्हा नाल्यात त्यांचा देह सापडला. शेहेचाळीस पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

तलाठी, ग्रामसेवक आणि शिक्षक मंडळींनी हा प्रसंग जरा थांबून वाचावा. अठरा वर्षे याच मातीत हिंडलेला, या भागाचे दगड-पाणी जाणणारा माणूस, तोही घोड्यावर, आणि नाल्याने नेला. काटेपूर्णेच्या खोऱ्यातले नालेसुद्धा असेच आहेत. आपल्याकडे थेंब नसतो, पण वर डोंगरात पडला की तासाभरात पाणी लाल होऊन येते. गुडघाभर वाहते पाणीही माणसाचा पाय उचलते. अंधारात ते गुडघाभर की कमरेभर हे कळत नाही. पलीकडे घर दिसत असले म्हणजे माणसाला धीर निघत नाही, तिथेच घात होतो.

त्यांच्या मागे गोंडी शब्द आणि गीतांचे कागद तसेच पडून होते. टेंपल यांनी ते लावून १८६६ साली छापले. १८८३ साली नागपुरात त्यांच्या नावाचे कॉलेज उभे राहिले. टाकळघाटला १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले तेव्हा लोखंडी हत्यारे आणि घोड्याच्या साजाचे तांब्याचे तुकडे मिळाले.

आता या उन्हाळ्यात ज्यांची विहीर चालू आहे त्यांच्यासाठी एक सूचना. दोन पाषाणांच्या मध्ये पांढुरका किंवा करडा गाळाचा थर लागला तर तो ढिगाऱ्यात फेकू नका. सगळीकडे असा थर असतो असे नाही. पण लागलाच तर दोन-चार ढेकळे फोडून पाहा. आत शिंपला, बी किंवा पानाचा ठसा दिसला तर किती हातांवर सापडला ते चिठ्ठीवर लिहून ढेकूळ कागदात गुंडाळा आणि भूजल सर्वेक्षणाच्या अकोल्याच्या कार्यालयात दाखवा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे, तिथेही चालेल.