गाभ्यातील चुकीची धास्ती घेणारा संगणकशास्त्रज्ञ

ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजेच कर्नेल, ही संगणकातील सर्वांत जोखमीची जागा. वरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली, तर बहुधा तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो. गाभ्यात झाली, तर सारे यंत्रच कोलमडू शकते. शिवाय ती चूक पुन्हा घडवून दाखवणेही अनेकदा अशक्य होते. या धोक्याची जाणीव ज्यांना अगदी आरंभीच झाली, त्यांत एड्सगर डायक्स्ट्रा यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे त्यांचा जन्म झाला. लायडन विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत असताना १९५१ मध्ये ते केंब्रिजच्या प्रोग्रॅमिंग वर्गाला गेले आणि पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले. १९५७ मध्ये विवाहाच्या नोंदणीवेळी त्यांनी हाच व्यवसाय सांगितला. पण असा व्यवसायच अस्तित्वात नाही, असे म्हणत नगर प्रशासनाने तो नाकारला. अखेर भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद करावी लागली.

त्याच सुमारास लूपस्ट्रा व स्कोल्टन हे त्यांचे सहकारी एक्स-१ या संगणकाची रचना करत होते. त्यांनी 'इंटरप्ट'ची कल्पना मांडली. बाहेरचे उपकरण कोणत्याही क्षणी प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणार होते. त्याने वेळ वाचणार होता. पण तो क्षण कोणता, हे आधी सांगता येणार नव्हते. अर्धवट कामाची एखादी नोंद जपायची राहिली तरी पुढचे सारे बिघडणार आणि शोधायला जावे तर चूक दडून राहणार. डायक्स्ट्रा धास्तावले. त्यांनी तीन महिने निर्णय लांबवला. मात्र संमती दिल्यावर त्याच विषयावर काम करून १९५९ मध्ये डॉक्टरेट मिळवली.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी एक्स-८ संगणकासाठी 'टीएचई' ही कार्यप्रणाली घडवली. चाचणी कितीही केली तरी अशा चुका सापडतीलच असे नाही, हे ओळखून त्यांनी रचनाच थरांची केली. खालचा थर निर्दोष असल्याची खात्री पटल्यावरच त्यावर पुढचा थर चढायचा. एकाच वेळी चालणाऱ्या कामांना शिस्त लावण्यासाठी रेल्वेच्या सिग्नलसारखा 'सेमाफोर' त्यांनी योजला. एकमेकांची वाट पाहत सारी कामे कायमची अडकून पडण्याचा धोका त्यांनी १९६५ मध्ये जेवणाऱ्या तत्त्वज्ञांच्या कोड्याच्या मूळ रूपातून उलगडला. १९६८ च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार, चाचणीत ५०० आज्ञांमागे एक एवढ्याच किरकोळ चुका आढळल्या आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९९ या काळात त्यांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. ६ ऑगस्ट २००२ रोजी नेदरलँड्समधील न्यूनन येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर २२ वर्षांनी, १९ जुलै २०२४ रोजी, गाभ्यात चालणाऱ्या एका सुरक्षा-प्रोग्रॅमपर्यंत सदोष फाइल पोहोचली. सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमाने खोळंबली, रुग्णालयांची कामे अडली. डायक्स्ट्रा यांची ती तीन महिन्यांची धास्ती भित्रेपणाची नव्हती, हे त्या दिवशी जगाला पुन्हा कळले.